मिलग्रॅमचा प्रयोग आणि ‘वरून आदेश होता’

कोठडीत कुणाचा मृत्यू झाला, एखादी चकमक बनावट निघाली, की आठवड्याच्या आत चर्चेत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचं नाव येतंच. एक बाजू म्हणते, माणूस मुळात मेंढरूच. कोट घातलेल्या साहेबाने सांगितलं तर शंभरातली पासष्ट माणसं समोरच्याला मरणाचे शॉक देतात, हे येल विद्यापीठात साठ वर्षांपूर्वीच दिसलंय. मग एकट्या हवालदाराला कशाला धरता? दुसरी बाजू तितक्याच तावातावाने सांगते की तो प्रयोग केव्हाच निकालात निघालाय. ते नाटक होतं, लोकांना ते कळलं होतं, मिलग्रॅमने सोयीचे आकडे पुढे केले. असल्या खोट्या प्रयोगावरून पोलिसांबद्दल आणि समाजाबद्दल बोलू नका. दोघांचं भांडण एकाच आकड्यावरून चाललंय, आणि माझ्या मते तो पासष्टचा आकडा हाच या सगळ्या कामातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. स्टॅन्ली मिलग्रॅमने एक प्रयोग केला नव्हता, वीसहून जास्त केले. त्याच भागातली, त्याच धाटणीची माणसं काही प्रयोगांत जवळपास सगळी शेवटपर्यंत गेली आणि काहींत एकही गेला नाही. हे ज्याने पाहिलं त्याला मिलग्रॅमच्या नावाने कुणाला माफी देता येणार नाही, आणि ते काम केराच्या टोपलीत टाकताही येणार नाही.

आधी त्या खोलीत काय होतं ते नीट पाहू. 1961 चा ऑगस्ट, अमेरिकेतलं न्यू हेवन शहर. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत अशी वर्तमानपत्रात जाहिरात. तासाभराचे चार डॉलर, वर येण्याजाण्याचे पन्नास सेंट. आले ते पोस्टातले कारकून, शाळामास्तर, विक्रेते, इंजिनिअर, मजूर. चिठ्ठ्या टाकून एकाला ‘शिक्षक’ आणि दुसऱ्याला ‘विद्यार्थी’ करायचं. पण दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’च लिहिलेलं, कारण विद्यार्थी हा मिलग्रॅमचा माणूस, सत्तेचाळीस वर्षांचा, कुणालाही आवडेल असा हिशेबनीस. त्याला खुर्चीला पट्ट्यांनी बांधत, मनगटाला तार लावत, आणि त्याखाली मलम चोपडत. कशाला? तर भाजून फोड येऊ नयेत म्हणून. बाजूच्या खोलीत यंत्र : एका ओळीत तीस खटके, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत, दर खटक्याला 15 ची वाढ. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं की शिक्षकाने दर वेळी पुढचा खटका दाबून शॉक द्यायचा. खाली ‘सौम्य शॉक’ पासून ‘धोका : तीव्र शॉक’ पर्यंत पाट्या, आणि अगदी शेवटी शब्दच संपलेले, नुसत्या फुल्या. यंत्रावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव-गावसुद्धा कोरलेलं. सगळं खोटं, पण शिक्षकाला वानगीदाखल दिलेला 45 व्होल्टचा झटका खरा. हुकूम देणारा माणूस पेशाने जीवशास्त्राचा शिक्षक होता, आणि त्याचा कोट करडा होता. पांढरा कोट त्याच्या अंगावर नंतर सांगणाऱ्यांनी चढवला. शिक्षक अडखळला की त्याने म्हणायची चार वाक्यं ठरलेली : पुढे चालू ठेवा, प्रयोगासाठी पुढे जाणं गरजेचं आहे, तुम्ही पुढे जाणं अत्यंत आवश्यक आहे, आणि शेवटचं, तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तुम्हाला पुढे गेलंच पाहिजे.

1963 मध्ये छापून आलेल्या पहिल्या निकालात चाळीस पुरुष होते. विद्यार्थी 300 व्होल्टला भिंतीवर धडका मारतो. त्याआधी कुणीच थांबलं नाही. तिथून पुढे एकेक करून चौदा जण थांबले, सव्वीस शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. मिलग्रॅमने आधी मानसोपचारतज्ज्ञांना अंदाज विचारला होता. त्यांच्या मते हजारात एखादाच शेवटपर्यंत जाणार होता. तेव्हाच जेरुसलेममध्ये ज्यूंच्या हत्याकांडातला नाझी अधिकारी आइशमन याच्यावर खटला चालू होता आणि ‘मी फक्त हुकूम पाळला’ हे वाक्य जगभर छापून येत होतं. पासष्ट टक्के या आकड्याला पंख फुटले ते या योगायोगाने.

आता आक्षेप. ते पोकळ आहेत असं म्हणणारा माणूस अभिलेखागारातून बाहेर आलेलं काहीही वाचत नाही. ऑस्ट्रेलियाच्या जीना पेरी यांनी येलमधल्या ध्वनिफिती ऐकल्या, सहभागी झालेल्यांना शोधून काढलं, आणि त्यातून जे निघालं ते मिलग्रॅमच्या बाजूचं नाही. चार ठरावीक वाक्यांची शिस्त पाळलीच गेली नाही. करड्या कोटातला माणूस प्रसंगी वाद घालत होता, मनधरणी करत होता, पुन्हा पुन्हा दामटत होता. कित्येक जणांना विद्यार्थी सुखरूप आहे, शॉक खोटे होते, हे त्या दिवशी सांगितलंच नाही. ते आपण कुणाला तरी इजा केली असं समजून घरी गेले आणि खरं कळलं ते महिन्यांनी. नंतरच्या प्रश्नावलीत, शॉक खरेच बसत होते असं ठामपणे वाटलेले निम्म्याहून थोडे जास्त निघाले. ज्यांना खरं वाटलं ते लवकर थांबले असं दाखवणारं विश्लेषण मिलग्रॅमच्या साहाय्यकाने केलं होतं, ते छापलं गेलं नाही. मित्राला किंवा नातेवाइकाला विद्यार्थी करून बसवलेला एक प्रयोगही तसाच कागदांत पडून राहिला. त्यात वीसपैकी तिघेच शेवटपर्यंत गेले होते. आणि नैतिक प्रश्न तर मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1964 मध्येच विचारला होता : पन्नास सेंट गाडीभाडं देऊन आणलेल्या माणसाला घाम फुटेपर्यंत, ओठ चावेपर्यंत पिळायचा अधिकार प्रयोगशाळेला कुणी दिला? याला मिलग्रॅमने दिलेलं उत्तर, म्हणजे बहुतेकांनी नंतर ‘भाग घेतल्याचा आनंद आहे’ असं लिहून दिलं हे, मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. आज कुठलीही नैतिकता समिती हा प्रयोग जसाच्या तसा होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

एवढं मान्य केल्यावर प्रयोग कोसळतो का? सगळ्यात जोरदार आक्षेप संशयाचा : लोकांना नाटक कळलं होतं, म्हणून ते खटके दाबत राहिले. एका प्रयोगात करड्या कोटातला माणूस सुरुवातीच्या सूचना देऊन निघून जातो आणि पुढचे हुकूम फोनवरून देतो. शेवटपर्यंत जाणारे एकदम पाचातल्या एकावर येतात. त्याहून बोलकं म्हणजे काही जण फोनवर सांगतात, हो, वाढवतोय. आणि हात मात्र सगळ्यात खालच्या खटक्यावर ठेवतात. ज्याला हे सगळं नाटक आहे असं ठाऊक आहे, तो फोनवर खोटं कशाला बोलेल? कुणाला वाचवायला? तीच गोष्ट अंतराची. विद्यार्थी भिंतीआड असताना पासष्ट टक्के, त्याच खोलीत असताना चाळीस, आणि त्याचा हात धरून शॉकच्या पत्र्यावर दाबायची वेळ आली तेव्हा तीस. जवळून पाहिल्यावर अभिनय उघडा पडतो असं म्हणावं, तर संशयाने धीट झालेली माणसं वाढायला हवी होती. झालं उलटं. काहींना संशय आला असणार, काहींनी नंतर लाजेखातर संशय आल्याचं लिहिलंही असणार. पण नुसत्या संशयाने आकडे असे पायरीपायरीने उतरत नाहीत.

आणि ज्यांनी नंतर, सौम्य रूपात, हे करून पाहिलं त्यांना काय सापडलं? अमेरिकेत जेरी बर्गर यांनी 2009 मध्ये छापलेल्या प्रयोगात 150 व्होल्टलाच थांबायची सोय केली, कारण विद्यार्थी ‘मला सोडा’ असं पहिल्यांदा ओरडतो तो टप्पा तोच, आणि मिलग्रॅमकडे तो ओलांडलेल्यांतले बहुतेक शेवटपर्यंत गेले होते. बर्गर यांच्याकडे सत्तर टक्के पुढे जायला तयार झाले. पोलंडमधल्या गटाचे 2017 मध्ये आलेले निकालही याच दिशेचे. म्हणजे येलच्या त्या खोलीत जे दिसलं ते एकट्या मिलग्रॅमच्या लबाडीतून आलं नव्हतं.

पण मला इथे थांबायचं नाही, कारण इथवरचा युक्तिवाद पहिल्याच गटाच्या सोयीचा आहे. बघा, माणूस मेंढरूच! त्यांनी जरा बाकीचे प्रयोग उघडून पाहावेत. शिक्षकाच्या शेजारी आणखी दोन शिक्षक बसवले (तेही मिलग्रॅमचेच), त्यांतला एक 150 ला उठला, दुसरा 210 ला. चाळीसपैकी चारच शेवटपर्यंत गेले. दोन कोटवाले आणले आणि त्यांच्यात मतभेद घडवला, एक म्हणतो चालू ठेवा, दुसरा म्हणतो थांबवा. शेवटपर्यंत कुणीच गेलं नाही, एकही नाही. बहुतेकांनी त्याच जागी हात काढून घेतला. हुकूम देणारा साधा माणूस निघाला, कोट नाही, विद्यापीठाचा अधिकार नाही, तर वीसपैकी चार. येलची भव्य इमारत सोडून ब्रिजपोर्टमधल्या एका सामान्य कचेरीत तेच केलं, तर अट्ठेचाळीस टक्क्यांच्या आसपास. मेंढरूपणा माणसाच्या रक्तातच असेल, तर एक सहकारी उठल्यावर तो जातो कुठे?

यातला एक प्रयोग मला सगळ्यात अस्वस्थ करतो, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. त्यात शिक्षकाने खटका दाबायचाच नाही. तो दुसऱ्याने दाबायचा. याने फक्त शब्दांच्या जोड्या वाचायच्या, उत्तर चूक की बरोबर ते सांगायचं, कागदपत्र सांभाळायचे. चाळीसपैकी सदतीस जण शेवटपर्यंत बसून राहिले. आपल्याकडे मारणाऱ्यांच्या मनोवृत्तीवर पानंच्या पानं लिहिली जातात. पण ज्याने पंचनामा लिहिला, ज्याने डायरीत वेळ बदलली, ज्याने प्रेत नीट न पाहता अहवालावर सही केली, त्याच्याबद्दल कोण लिहितं? खटका दुसऱ्याच्या हातात असला की माणूस स्वतःला घटनेतून वजा करून टाकतो. पासष्ट टक्क्यांची बातमी झाली. ब्याण्णव टक्क्यांची झाली नाही, कारण त्या खोलीत पाहण्यासारखं काही घडतच नव्हतं.

मिलग्रॅमने स्वतः याचं जे स्पष्टीकरण दिलं ते मला पटत नाही. त्याच्या मते, अधिकाऱ्यापुढे आलेला माणूस एका वेगळ्या मनःस्थितीत जातो, स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचं साधन समजू लागतो. असं असतं तर हुकूम जितका कडक तितकी मान खाली जायला हवी. चार ठरावीक वाक्यांतलं खरंखुरं हुकुमाचं वाक्य एकच, चौथं : दुसरा पर्याय नाही. बर्गर यांच्या प्रयोगात ज्याच्यापर्यंत हे वाक्य पोहोचलं त्यातला एकही पुढे गेला नाही. मिलग्रॅमकडे आलेल्या, हॉलंडमधून येऊन स्थायिक झालेल्या एका इंजिनिअरला हे वाक्य ऐकवलं तेव्हा त्याने 255 व्होल्टला काम थांबवलं आणि उलट विचारलं की पर्याय का नाही, मी इथे माझ्या मर्जीने आलोय. नंतर जबाबदारी कुणाची असं विचारल्यावर, तोवर दिलेल्या शॉकची जबाबदारी त्याने स्वतःवरच घेतली. अॅलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं मला म्हणूनच जास्त पटतं : ती माणसं हुकमाखाली दबलेली नव्हती, ती विज्ञानाचं काम करत होती. प्रयोगाचा हेतू थोर आहे, येलसारखी संस्था चुकीचं करणार नाही, आपण थोडा त्रास सोसून मोठ्या कामाला हातभार लावतोय, या भावनेवर ती पुढे जात होती. त्यात पंधरा-पंधरा व्होल्टची चढण. 165 ला थांबायचं म्हणजे 150 ला केलं ते चूक होतं हे स्वतःशी कबूल करायचं. ती कबुली टाळायला पुढचा खटका.

हे लक्षात घेतलं की इतिहासही वेगळा वाचावा लागतो. 13 जुलै 1942 च्या पहाटे पोलंडमधल्या युझेफुव गावाबाहेर जर्मन राखीव पोलिसांची 101 क्रमांकाची बटालियन उभी होती; हॅम्बुर्गमधली मध्यमवयीन, बरीचशी कामगारवस्तीतली माणसं. मेजर ट्रॅपने गावातल्या ज्यूंना गोळ्या घालायचं काम सांगितलं, सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मग त्याने हुकुमाच्या इतिहासातली एक विलक्षण सवलत दिली : वयस्क माणसांपैकी ज्याला हे जमणार नाही त्याने बाजूला व्हावं. एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला, ट्रॅपने कॅप्टनला गप्प केलं. ते पाहून आणखी दहा-बारा जण पुढे आले. पाचशेपैकी एवढेच. दिवस संपेपर्यंत सुमारे पंधराशे माणसं मारली गेली होती. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी या माणसांच्या जबान्या अभ्यासल्या तेव्हा त्यांना मिलग्रॅम आठवला, आणि तो लागू कुठे पडत नाही तेही त्यांनी नोंदवलं. युद्धानंतरच्या शेकडो खटल्यांत, निःशस्त्र माणसं मारायला नकार दिला म्हणून कुणाला भयंकर शिक्षा झाली असं एकही उदाहरण बचावपक्षाला कागदोपत्री दाखवता आलेलं नाही, हे त्यांचंच निरीक्षण. मग ‘हुकूम होता’ या वाक्यात नेमकं काय उरतं? खुद्द आइशमन 1957 च्या सुमारास अर्जेंटिनात लपलेला असताना आपल्या माणसांत बसून, ध्वनिफीत चालू असताना, पश्चात्ताप नसल्याचं सांगत होता. जेरुसलेमच्या काचेच्या पिंजऱ्यातला निमूट कारकून ही त्याने वकिलाच्या मदतीने उभी केलेली भूमिका होती. मिलग्रॅमचा प्रयोग त्या भूमिकेला चिकटला आणि अजून सुटलेला नाही.

नकाराचा इतिहास आपल्याजवळचा आहे. 23 एप्रिल 1930 ला पेशावरमध्ये खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांच्या निःशस्त्र जमावावर गोळीबाराचा हुकूम झाला तेव्हा गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी बंदुका खाली घेतल्या. दुसऱ्या तुकड्यांनी गोळीबार केला आणि त्या दिवशी माणसं मेलीच. पण गढवाली सैनिकांनी केला नाही. त्यांचे म्होरके चंद्रसिंग गढवाली यांना त्यासाठी जन्मठेप झाली, 1941 मध्ये ते सुटले. आपण ही गोष्ट एका शूराची म्हणून सांगतो. खरं तर तो एकट्याचा नकार नव्हताच. बराकीत आधी बोलणं झालं होतं, आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की शेजारचाही गोळी घालणार नाही. चाळीसपैकी चारच जण शेवटपर्यंत जातात ती हीच परिस्थिती. ‘डिजिटल अरेस्ट’ करणारे भामटे हे कुठलंही मानसशास्त्र न शिकता जाणतात. व्हिडिओ कॉलवरचा तोतया अधिकारी सगळ्यात आधी काय बजावतो? घरात कुणालाही सांगायचं नाही. तिथे स्वतःच्या अटकेची भीती असते, म्हणून तुलना पुरती बसत नाही. पण दुसरा आवाज तोडला की माणूस हातात येतो, एवढं त्यांना पक्कं माहीत असतं.

आता त्या बिचाऱ्या हवालदाराकडे येऊ. मुंबईच्या लखनभैया बनावट चकमक प्रकरणात आरोपी पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचा दाखला दिला आणि सांगितलं की वरिष्ठाने बनावट चकमकीचा बेकायदा आदेश दिला तर तो नाकारणं हे पोलिसाचं कर्तव्यच आहे. नाकारलं नाही तर खुनाचा आरोप लागेल. मला हा निकाल पूर्ण मान्य आहे. पहिल्या गटाला तो कठोर वाटतो, मिलग्रॅम ‘माहीत नसलेल्या’ न्यायाधीशांचा वाटतो. मला वाटतं न्यायालयाने मिलग्रॅमचा खरा निष्कर्षच मान्य केला : थांबणं शक्य असतं, कारण थोडी परिस्थिती बदलली की तीच माणसं थांबतात. माझी तक्रार वेगळी आहे. न्यायालयाने नाकारायला सांगितलं. पण रात्री दोन वाजता, गाडीत बसल्यावर, नाकारणाऱ्या शिपायाच्या शेजारी कोण बसणार, हे ठरवायचं काम सरकारचं आणि पोलीस दलाचं होतं. पश्चिम जर्मनीने युद्धानंतर नवं सैन्य उभारताना 1956 च्या सैनिक कायद्यातच लिहून टाकलं की ज्या आदेशाने गुन्हा घडेल तो सैनिकाने पाळायचा नाही. त्यांना शूर माणसांची वाट पाहायची नव्हती.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या वर्तणूक नियमांत म्हटलंय की वरिष्ठाचे आदेश सामान्यतः लेखी असावेत, तोंडी देणं टाळता आलंच नाही तर वरिष्ठाने ते लगेच लेखी पक्के करावेत. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही ‘साहेब, लेखी द्या’ या वाक्याची ताकद सांगायला नको. फोनवरचा हुकूम न्यू हेवनमध्ये जसा पाचातल्या एकावर घसरला, तसा तोंडी हुकूम या वाक्यापुढे घसरतो. आणि म्हणूनच हे वाक्य बोलणारा आडमुठा ठरतो, त्याची फाइल मागे राहते, त्याला बाजूची खुर्ची मिळते. पुढच्या कोठडीमृत्यूनंतर चौकशी बसेल तेव्हा खटका दाबणाऱ्याचं मन उकरण्याआधी ठाण्यातल्या प्रत्येकाला विचारायला हवं : आदेश लेखी होता का, तो कुणी मागितला होता का, आणि मागणाऱ्याची त्यानंतर बदली कुठे झाली?